वजाबाकीत उरलेले : प्रस्तावना

सातारा, रत्नागिरी, पुणे या जिल्ह्यांतल्या काही जुन्या गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एक दगडी पाटी अजून दिसते. मजकूर जवळजवळ सगळीकडे तोच, आकडे तेवढे वेगळे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचेही नाही. वयाचा तर प्रश्नच नाही. सरकारने एकच मसुदा ठरवून दिला आणि गवंड्याने त्यात आकडे भरले, इतका हा मामला कोरडा आहे. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करा, म्हणजे उरतात ते परत आलेले. त्यांच्याबद्दल पाटी गप्प आहे. गावही फारसे बोललेले नाही.

पुढच्या पानांत जे संकलन आहे ते या उरलेल्यांचे आहे. त्यातही जे निघाले तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते, काही तर त्याहून लहान, त्यांचे. संकलन करणारे शिक्षक मुरबाड-शहापूर भागातले आहेत, आणि त्यांच्या बैठका वैशाखऱ्यात झाल्या. वैशाखरे म्हणजे नाणेघाटाचा पायथा. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेजकडे निघालेल्या गाड्या इथे क्षणभर थांबतात, पाठीवर पिशव्या अडकवलेली शहरातली मुले उतरतात आणि ‘नानाचा अंगठा’ कुठला म्हणून विचारतात. संकलनात नाना फडणवीस आहेत हे कळल्यावर गावातल्या दोघातिघांनी मला मोठ्या आनंदाने तो सुळका दाखवला. हा नाना तो नव्हे, हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखे झाले.

पण नाणेघाटाचा या विषयाशी खरा संबंध वेगळाच आहे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव होते. राजा सिमुक, राणी नागनिका आणि सातकर्णी, एक महारठी, आणि काही राजकुमार. मूर्ती गेल्या, नावे राहिली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुमारांची नावे आपण वाचू शकतो आणि शंभर वर्षांपूर्वी बसऱ्याला गेलेल्या शेतकऱ्याच्या पोराचे नाव त्याच्या स्वतःच्या गावातल्या पाटीवर सापडत नाही. यात आश्चर्य नाही. दगडावर नाव कोरायला पैसे पडतात आणि ते कुणीतरी द्यावे लागतात.

लढाईवर गेलेल्या मुलाला मराठी आठवणीत दोनच जागा आहेत. मेला तर अभिमन्यू. पळाला तर पळपुटा. सोळा वर्षांच्या अभिमन्यूवर कीर्तनकाराने तासभर घालवावा आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावावा, ही आपली जुनी रीत आहे. तो चक्रव्यूहातून बाहेर पडला असता, रात्री-अपरात्री दचकून उठला असता, उत्तरेशी धड बोलेनासा झाला असता, तर त्याच्यावर कोण कीर्तन करणार होते? गंमत अशी की मूळ महाभारत या बाबतीत आपल्याहून शहाणे आहे. त्यातले सर्वांत मोठे पर्व लढाईचे नाही. जिंकून आलेल्या युधिष्ठिराला राज्य नकोसे झाले आहे, त्याला कुणीतरी समजावते आहे, असे ते शांतिपर्व आहे. लढाया अठरा दिवसांत आटोपल्या. समजूत घालणे संपता संपत नाही. आपण गोष्ट सांगताना हा भाग गाळतो, कारण तो कंटाळवाणा आहे. कंटाळवाणा तो आहेच. मन सावरायला लागणारा वेळ बाहेरून बघणाऱ्याला नेहमी कंटाळवाणाच वाटतो.

संकलनाची सुरुवात पानिपतापासून केली आहे, आणि ती माझ्या आग्रहावरून. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौजेत अठरा वर्षांची दोन मुले होती, दोघेही १७४२ साली जन्मलेले. एक पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव. दुसरा बाळाजी जनार्दन भानू, पुढे ज्याला जग नाना फडणवीस म्हणून ओळखणार होते. वडील गेल्यामुळे चौदाव्या वर्षीच त्याच्याकडे फडणिशी आली होती. उत्तरेच्या मोहिमेत तो आई आणि बायकोला घेऊन निघाला, कारण वाटेत तीर्थे होती. आणखी एक मुलगा होता, जनकोजी शिंदे, तोही विशीच्या आतलाच. वर्षभरापूर्वी, जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर त्याचा चुलता दत्ताजी पडला आणि तो स्वतः जखमी झाला. त्या जखमेनंतर वर्षभरात तो पुन्हा रणात उभा होता. आजच्या हिशेबाने ही तिन्ही मुले नुकती बारावी झालेली किंवा त्याच्याही मागेपुढे.

पानिपतच्या छावणीची दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडी झाली होती. दाणा नाही, चारा नाही, मेलेल्या जनावरांची घाण. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून त्या पहाटे लोक बाहेर पडले. दुपारी विश्वासरावाला गोळी लागली, सेनापती सदाशिवरावभाऊ ऊर्फ भाऊसाहेब गर्दीत दिसेनासे झाले आणि फौज फुटली. विश्वासराव वाक्प्रचारात जाऊन बसला. जनकोजी पकडला गेला आणि मारला गेला. नाना वाचला.

वाचल्यावर त्याने जे केले ते मराठीत फार थोड्यांनी केले आहे. त्याने लिहून ठेवले. नानांचे आत्मवृत्त लहानसे आहे, अपुरे आहे, आणि सुरुवातीला तर ते युद्धाबद्दल नाहीच. लहानपणीची देवपूजेची ओढ, अभ्यासातली टाळाटाळ, मनात येणारे विकार, अशी स्वतःच्या मनाची झाडाझडती तो घेत बसतो. मग पानिपत येते. तो भाऊंच्या जवळ होता. दिवस मावळायच्या सुमाराला तो निघाला. अंगावरचे कपडे टाकून दिले, कारण चांगले कपडे म्हणजे मरण. रात्री पायी चालला. वाटेत पुन्हा पुन्हा शत्रूचे लोक आडवे आले, बरोबरच्या माणसांवर वार झाले, तो उंच गवतात दडून राहिला. पोटात अन्न नाही. रेवाडीला आसरा मिळाला. पुढे बायको सुखरूप भेटली. आई भेटली नाही.

ही पाने वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी अशी माझी विनंती आहे. लिहिणारा कुठेही स्वतःला वीर करत नाही आणि स्वतःची कीवही करत नाही. काय झाले ते एकापुढे एक मांडतो. कुठे किती कोस चाललो, कुणी काय दिले, कोण कुठे पडला. आजचे मानसोपचारतज्ज्ञ आघात सोसलेल्या माणसाला हेच करायला सांगतात: घडले ते क्रमाने सांग, तुटक तुटक आठवणींना सलग कर. नानाला हे कुणी सांगितले नव्हते. पापपुण्याचा हिशेब मांडायची त्याच्या घरची सवय त्याच्या उपयोगी पडली असावी.

नानांना पुढे ३९ वर्षे मिळाली, आणि त्यांतली बहुतेक त्यांनी मराठी राज्याचा गाडा ओढण्यात घालवली. या सगळ्या काळात ते भित्रे होते, अशी त्यांची ख्याती आहे. तलवार घेऊन फौजेच्या पुढे ते कधी गेले नाहीत. सगळे कागदावर, हेरांमार्फत, पडद्याआडून. शाळेतल्या इतिहासात हा त्यांच्या स्वभावाचा दोष म्हणून येतो. रोगाचे निदान अडीचशे वर्षांनी करू नये हे मला मान्य आहे, आणि मी ते करतही नाही. पण अठराव्या वर्षी नागडा होऊन गवतात पडून राहिलेल्या, आई गमावलेल्या मुलाने पुन्हा कधी रणांगणाची हौस धरली नाही, याला भित्रेपणा म्हणण्याआधी निदान एकदा थांबावे. आपण थांबलो नाही. नाटकांत, गप्पांत, टोमण्यांत त्यांना तो शिक्का चिकटून राहिला.

पानिपतने त्यांना सुखाने सोडलेही नाही. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी नवरा मेला हे अखेरपर्यंत मानले नाही. मग एक कनोजी ब्राह्मण मीच सदाशिवरावभाऊ म्हणत उभा राहिला. या तोतयाने १७७६ साली कोकणात मोठे बंड माजवले, किल्ले घेतले, लोक त्याच्याकडे धावले. लोकांना तो खरा असायला हवा होता, हे त्या धावण्यातले दुःख आहे. तोतयाला पुण्यात आणून मारले तेव्हा कारभार नानांच्या हाती होता. ज्या माणसाच्या शेजारी उभे राहून त्यांनी ती दुपार पाहिली होती, त्याचे सोंग पंधरा वर्षांनी समोर आले. त्या दिवसांत त्यांच्या मनात काय चालले असेल यावर एखादी कादंबरी व्हायला हवी होती.

पहिल्या महायुद्धाचा भाग संकलनात मोठा आहे, आणि तो वाचायला अवघड आहे. ठाणे जिल्ह्याचा हा कोपरा भरतीच्या मुख्य पट्ट्यात नव्हता. मराठा पलटणींतली मुले मुख्यतः कोकण आणि देशावरून, रत्नागिरी, सातारा या बाजूंनी गेली. ‘लामावर गेला’ असे तेव्हा म्हणत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने या युद्धात ४६ माणसे गमावली. गावाच्या नावामागे आज ‘मिलिटरी’ लागते ते उगाच नव्हे. जन्मतारखेचा कागद बहुतेकांकडे नसे. भरतीवाला उंची बघायचा, छाती मोजायचा, आणि पोरगा सांगेल ते वय मांडायचा. हे फक्त इथलेच नाही. ज्यांच्याकडे जन्माचे दाखले होते त्या ब्रिटनमध्येही त्या युद्धात अडीच लाखांच्या आसपास मुले कमी वयाची असूनही फौजेत शिरली, असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज आहे.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाठवलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पुणे डिव्हिजन होते. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. बगदादच्या दिशेने गेलेली ही फौज माघारी फिरली आणि तैग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमारा या गावात डिसेंबर १९१५ मध्ये अडकली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली, आणि अनेक हिंदी शिपायांनी बराच काळ ते खायला नकार दिला. धर्म बुडेल, गावात तोंड दाखवता येणार नाही, ही भीती भुकेहून मोठी होती. दात हलायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि वाळवंटातून चालवत नेली गेली. साध्या शिपायांना रेल्वेच्या कामावर जुंपले. वाटेत किती पडले त्याचे हिशेब वेगवेगळे आहेत. हजारोंनी पडले यात वाद नाही.

मेलेल्यांसाठी ब्रिटिशांनी बसऱ्याला मोठे स्मारक बांधले. गोऱ्या सैनिकांची नावे त्यावर कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साधे हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नावाखाली आकड्यात मांडले. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने आपल्या या जुन्या भेदभावाची जाहीर कबुली दिली. म्हणजे मेलेला तिकडे आकडा झाला, इकडे गावच्या पाटीवरही आकडाच झाला. परत आलेला मात्र आकडासुद्धा झाला नाही.

तो परतला तेव्हा घर कसे होते? १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली आणि मुंबई इलाखा त्या साथीच्या तोंडाशीच होता. त्याच वर्षी पाऊसही गेला. बंदुकीपुढून वाचून आलेल्या मुलाला अंगणात आई नसणे, धाकटी भावंडे नसणे, हा अनुभव अनेक घरांनी घेतला. अशा घरात कुतची गोष्ट ऐकायला कुणाला सवड होती?

पत्रे होती, पण पत्रांतूनही सांगता येत नव्हते. लिहिता न येणाऱ्याचे पत्र दुसरा लिहायचा, मग साहेब वाचायचा, मग ते सुटायचे. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांनी यावर युक्ती काढली होती. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. कुठली मिरची किती संपली एवढेच लिहायचे. सेन्सॉरला हे कळले, म्हणून तर ती पत्रे आज अभिलेखागारात आहेत. मनातल्या भीतीसाठी मात्र असा कुठला मसाला त्यांना सापडला नाही. तिथे ते नशीब, देव, कर्म यांच्याकडे वळत. या पत्रांत रडणे शोधू नये. ते जिथे असायला हवे होते तिथे बहुधा आशीर्वादाची ओळ असते.

वैद्यकाला हे दुखणे कधीपासून माहीत आहे, याचा थोडा हिशेब देतो. अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांपैकी तीनशेजणांची तपासणी करून डॉ. जेकब डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये लिहिले की यांची छाती धडधडते, दम लागतो, पण हृदयात दोष सापडत नाही. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आज ज्याला पीटीएसडी म्हणतात ते निदान आपल्या अधिकृत यादीत घातले ते १९८० साली, व्हिएतनामवरून आलेल्यांनी धोशा लावल्यावर.

आपल्या गावांना यांतले काहीच कळले नव्हते असे नाही. गावाने त्याला आपल्या परीने जागा दिली होती. झोपेत ओरडतो, म्हणजे बाहेरचे लागले, भगताकडे न्या. फटाका वाजला की जमिनीवर पालथा पडतो, म्हणजे डोक्यावर परिणाम. बायकोवर हात टाकतो, म्हणजे मिलिटरीतून आलाय, तापट आहे. संध्याकाळी पेन्शनीतून पिऊन येतो, म्हणजे मेजरला जरा सवय आहे. या समजुतींवर हसायचे कारण नाही. भगताचा अंगारा निदान कुणीतरी हात लावून कपाळी फासत असे, आणि त्या रात्री घरातले चारजण त्याच्या भोवती जागे असत. वाईट याचे वाटते की या सगळ्या समजुतींत ‘तिकडे काय झाले रे तुला?’ हा प्रश्न कुणी विचारायची गरज उरत नव्हती.

मुलांच्या बाबतीत हे अधिक बिकट का होते, याबद्दल माझे एक मत आहे. तिशीतला शेतकरी लढाईवर जातो तेव्हा मागे काहीतरी ठेवून जातो. नांगर, बायको, भावकीतली भांडणे, पंचांतली आपली जागा. परतल्यावर तो त्या माणसात पुन्हा शिरू शकतो. अंगरखा जरा सैल झालेला असतो इतकेच. सतरा वर्षांच्या मुलाने मागे काहीच ठेवलेले नसते, कारण तो अजून कुणी झालेलाच नसतो. युद्ध हीच त्याची पहिली नोकरी, पहिला परदेश, पहिली मैत्री आणि पहिले मरण. घरचे वाट बघत असतात ती निघून गेलेल्या पोराची, आणि ते पोर तर आता कुठेच नाही. मेंदूचा जो भाग आवेग आवरतो तो पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, असे शास्त्र सांगते. माझ्या मताला तेवढा आधार पुरे.

जर्मनीचा रेमार्क अठराव्या वर्षी सैन्यात ओढला गेला आणि तिशीत त्याने त्यावर कादंबरी लिहिली, ती जगभर गेली. सिएरा लिओनचा इश्माएल बेआ तेराव्या वर्षी हातात बंदूक घेऊन उभा होता. युनिसेफच्या लोकांनी त्याला बाहेर काढले आणि २००७ मध्ये त्याचे पुस्तक आले. त्याच्या पुस्तकात मला सर्वांत खरा वाटलेला भाग सुटकेनंतरचा आहे. ज्यांनी वाचवले त्यांच्याच अंगावर ही मुले धावून जातात, कारण बंदूक काढून घेतल्यावर त्यांच्याकडे दुसरे काहीच उरलेले नसते.

आपल्या राज्यात याच्या सर्वांत जवळची गोष्ट गडचिरोलीत घडली आहे. नक्षलवाद्यांच्या दलमांत तिथली आदिवासी मुले-मुली अल्पवयात गेली. काही ओढून नेलेली, काही गाणी-नाटके बघून स्वतः गेलेली. राज्याची आत्मसमर्पण योजना २००५ पासून आहे, आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती या नावाने ओळखला जाणारा मोठा नेता ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. समारंभाची छायाचित्रे सगळीकडे छापून आली. बंदुका मोजून ठेवलेल्या होत्या. शरण आलेल्याला पैसे, घर, काम देण्याची तरतूद आहे आणि ती चांगली आहे. पंधराव्या वर्षी जंगलात गेलेली मुलगी पस्तिसाव्या वर्षी बाजारात भाजीचा भाव करायला उभी राहते तेव्हा तिला काय होते, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात होत असेल?

आता मुरबाडचीच गोष्ट. सिद्धगड याच तालुक्यात आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे तिथल्या रानात पोलिसांनी स्वातंत्र्यलढ्यातल्या भूमिगत आझाद दस्त्याला गाठले. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीबारात गेले. भाई तिशीचे होते. दस्त्याने त्याआधी मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून सरकारच्या नाकी नऊ आणले होते. दर २ जानेवारीला तिथे लोक जमतात, शाळेची मुले जातात, भाषणे होतात. जमायलाच हवे. पण दस्त्यातले बाकीचे? जे पकडले गेले, तुरुंगात गेले, सुटून गावी आले, त्या पहाटेचा आवाज कानात घेऊन ज्यांनी पुढे भाताची लावणी केली? पाटी वगैरे काही नसतानाही आपण इथे तीच वजाबाकी केली.

माझ्या मांडणीला छेद देणारे एक माणूस या संकलनात आहे, आणि ते आहे याचा मला आनंद आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी हौसाबाई. जन्म १९२६ चा. साताऱ्याच्या प्रतिसरकारात, तुफान सेनेबरोबर ती उतरली तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची होती. बंगले जाळणे, खजिना लुटणे, भूमिगतांना सोडवणे, यांत ती होती. घरी तान्हे मूल ठेवून ती एका कामगिरीवर गोव्याला गेली आणि मांडवी ओलांडून परतली. नव्वदी ओलांडल्यावरही ती हे सगळे हसत, हातवारे करत सांगत असे. २०२१ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, ती गेली. तिच्या बोलण्यात मोडलेपण शोधूनही सापडत नाही. का? माझा तर्क असा की तिच्या भोवती ऐकणारे कायम होते. कुंडलच्या परिसरात प्रतिसरकार म्हणजे घरोघरची गोष्ट. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ लाड शंभरीला टेकेपर्यंत तीच गोष्ट सांगत होते आणि पोरे तोंडाचा आ करून ऐकत होती. शिवाय ती स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांसाठी लढली होती. मेसोपोटेमियातल्या पोराला तर आपण कुणासाठी लढलो हेही धड सांगता येत नव्हते. तर्क चुकीचाही असेल. मूल घरी ठेवून गेलेल्या त्या रात्रीबद्दल कुणी तिला खोलात विचारले होते का, हेही पाहायला हवे.

मुरलीकांत पेटकरांची गोष्ट आता सर्वांना माहीत आहे, म्हणून इथे थोडक्यात. सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचा हा मुलगा पोरवयातच सैन्याच्या बॉईज बटालियनमध्ये गेला, बॉक्सिंग शिकला, आणि १९६५ च्या युद्धात विसाव्या वर्षी अंगात गोळ्या घेऊन पडला. काही काळ स्मृती गेली. कमरेखालचे अंग कायमचे गेले. मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात पोहणे शिकला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून पॅरालिम्पिकचे सुवर्णपदक आणले. भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ साली. चित्रपट आला २०२४ साली. मधल्या ४६ वर्षांत हा माणूस बराच काळ पुण्यात टेल्कोत नोकरी करत होता आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही कदाचित नीट माहीत नसेल. सुवर्णपदक आणणाऱ्याची ही कथा, तर नुसतेच परत आलेल्याची काय असणार?

भारताने मुलांच्या हक्कांच्या सनदेच्या सशस्त्र संघर्षाविषयीच्या पुरवणी करारावर २००५ मध्ये शिक्कामोर्तब केले. अठरा पूर्ण झाल्याशिवाय प्रत्यक्ष मोहिमेच्या भागात पाठवणार नाही, असे आपण तिथे लिहून दिले आहे. अग्निवीर होण्याचे किमान वय साडेसतरा आहे. कल्याण-नगर रस्त्यावर मुरबाडपासून टोकावड्यापर्यंत कुठेही पहाटे पाचला या, सोळा-सतरा वर्षांची मुले धावताना दिसतील. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या नाहीत. सैन्य नाहीतर पोलीस, दोन्हींपैकी जे लागेल ते. त्यांना या पुस्तकाने घाबरवावे असा आमचा हेतू मुळीच नाही. पाठीमागे दीड एकर वरकस जमीन असलेल्या मुलाला भरतीविरुद्ध व्याख्यान देण्याचा अधिकार मला तरी नाही. त्यांतले जे अग्निवीर होतील, त्यांच्यातला फार तर चौथा हिस्सा चार वर्षांनी कायम होईल आणि बाकीचे तीन हिस्से एकवीस-बाविसाव्या वर्षी या रस्त्याने परत येतील. २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला लागलेल्या पहिल्या तुकडीची मुदत २०२७ च्या आसपास भरते. त्यांच्यातल्या काहींनी काहीच पाहिलेले नसेल, काहींनी बरेच पाहिलेले असेल, आणि बाहेरून दोघे सारखेच दिसतील.

मजकुराबद्दल थोडे. नानांचे आत्मवृत्त आरंभी आहे; त्याची भाषा जुनी आहे, वाक्ये लांब आहेत, पण मोठ्याने वाचले की उलगडत जाते. कठीण शब्द त्याच पानाखाली दिले आहेत. महायुद्धातली पत्रे मुळात सेन्सॉरने इंग्रजीत उतरवून ठेवलेली. म्हणजे शिपायाचे बोलणे दोनदा सोवळे होऊन आपल्यापर्यंत आले आहे, हे धरून वाचावे. शाळेत वाचणार असाल तर कुतचा भाग एका तासात उरकू नका, आणि वर्गात ज्याच्या घरात कुणी सैन्यात आहे अशा मुलाला उभे करून प्रश्न विचारू नका. त्याला बोलायचे असेल तर तो तास संपल्यावर येईल.

दुसऱ्या आवृत्तीत मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतले कागद यावेत अशी संकलकांची इच्छा आहे. जुन्या ट्रंकांत डिस्चार्जचे पुस्तक, पगाराचे पुस्तक, पदकाची रिकामी डबी, परदेशी टपालाचा शिक्का असलेले पाकीट असे काही असेल तर ते शाळेत आणून दाखवावे. कागद ठेवून घेतला जाणार नाही, समोर फोटो काढून लगेच परत मिळेल. कागद नसेल आणि नुसते ‘आमचे आजोबा झोपेत ओरडायचे’ एवढेच आठवत असेल, तरी यावे.